सानिका कोणाच्या नावावर

आयकर खात्याचा मेसेज आला तेव्हा श्वेता शाळेच्या स्टाफरूममध्ये सातवीचे भूगोलाचे पेपर तपासत बसली होती. मेसेज इंग्रजीत होता आणि सभ्य होता. तुम्ही रिटर्नमध्ये दिव्यांग मुलासाठी जी वजावट घेतली आहे ती एकदा तपासून पाहा, काही चुकलं असेल तर डिसेंबर संपायच्या आत रिटर्न सुधारून भरा, एवढंच त्यात होतं. तरी तिने तो तीनदा वाचला. सरकारी मेसेज म्हटला की आधी छातीत धस्स होतं आणि मग माणूस तो नीट वाचायला लागतो.

संध्याकाळी डमडमला घरी पोचल्यावर तिने फोन वडिलांच्या हातात दिला. शशिकांत एका चहा कंपनीच्या हिशेब खात्यात उभी हयात काढून निवृत्त झाले होते. त्यांचे वडील विमा कंपनीच्या नोकरीसाठी कोलकात्यात आले आणि इथलेच झाले, त्यामुळे शशिकांतांचं बंगाली शेजाऱ्यांइतकंच सफाईदार होतं. इमारतीतली बरीच बिऱ्हाडं आपापले रिटर्न त्यांच्याकडूनच भरून घेत. लेकीचं तर ते भरतच. आपण भरलेल्या रिटर्नवर खात्याने बोट ठेवावं हे त्यांना चांगलंच लागलं. चष्मा पुसून त्यांनी सगळं पुन्हा तपासलं. सर्टिफिकेट होतं, नंबर बरोबर होता, रक्कम कायद्यात आहे तेवढीच होती.

श्वेताची मुलगी सानिका जन्मापासून ऐकू न येणारी. अडीच वर्षांची असताना तिच्या डोक्यात शस्त्रक्रिया करून यंत्र बसवलं, आणि बाहेर कानामागे लावायचा त्याचा भाग ती सकाळी उठल्यावर चष्म्यासारखा चढवायची. आता ती नऊ वर्षांची होती. बोलायची, भांडायची, बंगाली शाळकरी मैत्रिणींत मराठी विसरायची आणि घरी आली की अर्धं मराठी अर्धं बंगाली बोलून आजीला हसवायची. अशा मुलाचा सांभाळ करणाऱ्याला करात थोडी सूट मिळते. शशिकांत ती श्वेताच्या नावावर दर वर्षी लावत आले होते. त्यात विचार करण्यासारखं काही आहे असं त्यांना कधी वाटलंच नव्हतं.

बराच वेळ स्क्रीनकडे बघून झाल्यावर त्यांनी विचारलं, "अजिंक्यसुद्धा लावत असेल का गं?"

श्वेताला ते माहीत नव्हतं. घटस्फोटाला चार वर्षं होऊन गेली होती. तिने अजिंक्यला मेसेज टाकला आणि त्याचं उत्तर लगेच आलं. हो, तो लावत होता. लग्न टिकून होतं तेव्हापासून लावत होता. त्यालाही तसाच मेसेज आला होता.

शशिकांतांनी खुर्ची मागे सरकवली. मग त्यांनी तिला समजावून सांगितलं की शाळेची फी वगैरे असेल तर ज्याने जितकी भरली त्याने तितकी दाखवायची, त्यात भांडण नाही. पण ही सूट वेगळी आहे. मूल मुख्यतः ज्याच्यावर अवलंबून आहे त्याने ती घ्यायची, आणि 'मुख्यतः' हा शब्द दोघांना वापरता येत नाही. दोघांनी एकाच मुलीबद्दल तसं लिहून दिलं असेल, तर दोघांपैकी एकाचं चूक आहे.

श्वेताच्या डोक्यात तिडीक गेली. मुख्यतः कोणावर? सोमवार ते शुक्रवार मुलगी तिच्याकडे. आजारपण तिच्याकडे. स्पीच थेरपी तिच्याकडे, यंत्राची वायर तुटली की धावपळ तिच्याकडे, वर्गात बाई पाठमोऱ्या होऊन शिकवतात म्हणून शाळेत जाऊन बोलायचं तेही तिनेच. अजिंक्य शुक्रवारी शाळा सुटल्यावर मुलीला घेऊन सॉल्ट लेकला जायचा आणि रविवारी संध्याकाळी इमारतीच्या फाटकापाशी आणून सोडायचा. कोर्टात दोघांच्या संमतीने तसंच ठरलं होतं. पैसे तो वेळेवर द्यायचा, त्याबद्दल तिची तक्रार नव्हती. पण शनिवार-रविवारचा बाप सरकारला लिहून देतो की मुलगी मुख्यतः माझ्यावर अवलंबून आहे, हे तिला सहन होईना. गेल्या चार वर्षांत तिला कुणी शाबासकी दिली नव्हती, तिने मागितलीही नव्हती. निदान त्या एका ओळीत तरी तिचं करणं धरलेलं आहे असं तिला वाटायचं. त्या ओळीतही हा माणूस येऊन बसला होता.

तिने गच्चीवर जाऊन त्याला फोन केला आणि मनात होतं ते सगळं बोलून टाकलं. अजिंक्यने मध्ये एकदाही तोंड उघडलं नाही. ती दमून थांबली तेव्हा तो म्हणाला, "तुझं बरोबर आहे. मी माझ्या रिटर्नमधून काढून टाकतो."

एवढंच. मग त्याने सानिकाचा खोकला कमी झाला का ते विचारलं आणि फोन ठेवला.

श्वेता तशीच उभी राहिली. ती चार दिवस पुरेल एवढं भांडण घेऊन वर आली होती आणि ते सगळं आता तिच्याच हातात उरलं होतं. खाली नागेरबाजारच्या रस्त्यावर बॅटरीवरच्या टोटो रिक्षावाल्यांचा गलका चालला होता. आपलं म्हणणं मान्य झालं याचा आनंद व्हायला हवा, असं तिला वाटलं. पण तो होईना.

जेवताना तिने आईवडिलांना सांगितलं. शशिकांतांनी सुटकेचा निःश्वास टाकला. तिची आई पुष्पाबाई मात्र पोळी लाटता लाटता थांबल्या. जावयाबद्दल त्यांनी चार वर्षांत चांगला शब्द काढला नव्हता, आणि आता तरी का काढावा. त्या म्हणाल्या की हा असा पटकन सोडणारा माणूस नव्हे, यामागे काहीतरी असणार. गणपतीत सरलाबाई भेटल्या होत्या, त्यांचा भाचा अजिंक्यच्याच कंपनीत आहे. तिथल्या मराठी मुलांना पुण्याच्या ऑफिसात पाठवतायत म्हणे. मोठा पगार, मोठा हुद्दा. सांगलीला म्हातारे आईबाप, पुण्याहून चार-पाच तासांवर. हा कशाला थांबेल इथे?

"जायचं ठरलं असेल," पुष्पाबाई म्हणाल्या, "म्हणून आत्तापासून नाव काढून घेतोय."

शशिकांतांनी त्यांना गप्प केलं. पण ते वाक्य श्वेताच्या मनात रुतून बसलं.

त्या आठवड्यात तिचं कशात लक्ष लागेना. संध्याकाळी तो मुलीवर हक्क सांगतो म्हणून जिचा संताप झाला होता, तीच बाई सकाळ होईपर्यंत तो हक्क सोडतो म्हणून घाबरली होती. तिचं तिलाच हसू यायचं आणि भीतीही वाटायची. तो गेला तर? सुट्टीत महिनाभर मुलगी पुण्याला, बाकी वर्ष फोन. सानिकाला काय सांगायचं?

आणि मग नको नको म्हणताना तिला ते दिवस आठवायला लागले. सानिकाचं यंत्र पहिल्यांदा चालू केलं तेव्हा पोर दचकून रडली होती. आवाज म्हणजे काय हेच तिला ठाऊक नव्हतं. डॉक्टरांनी सांगितलं, यंत्राने फक्त आवाज आत जाईल, त्याचा अर्थ तुम्हाला शिकवावा लागेल. श्वेताची तेव्हा नवी नोकरी होती, रजा मिळत नव्हती. अजिंक्यने ऑफिसात सांगून उशिराची पाळी मागून घेतली. रोज सकाळी तो मुलीला कडेवर घेऊन घरभर हिंडायचा. कुकरची शिटी झाली की थांबायचा, तिच्या कानाकडे बोट दाखवायचा आणि म्हणायचा, ऐकलंस? कुकर. नळ सोडायचा, बंद करायचा, पुन्हा सोडायचा. दाराची कडी, कावळा, खालून जाणारा मासेवाला. महिनोन्महिने. मुळात न बोलणारा माणूस, पण मुलीपुढे सकाळभर बोलत राहायचा आणि रात्री बायकोपुढे बसला की त्याच्यापाशी शब्द उरलेले नसायचे. तेच पुढे दोघांच्यात आलं. मोठं भांडण असं कधी झालंच नाही. दोघंही मुलीसाठी इतके खपले की एकमेकांसाठी काही शिल्लक राहिलं नाही, आणि ते कळेपर्यंत एकमेकांकडे बघण्याची सवय गेली होती.

शनिवारी दुपारी तिने साडी बदलली, आईला बाजारात जाऊन येते म्हणाली आणि उल्टाडांग्याची ऑटो पकडली. तिथून दुसऱ्या ऑटोने सॉल्ट लेक. अजिंक्यचा पत्ता तिला पाठ होता, कोर्टाच्या कागदावर होताच. पण ती त्या घरात कधी गेली नव्हती. तो डमडमच्या फाटकातून आत येत नसे आणि ती त्याच्या घराकडे फिरकत नसे. ते ठरवलेलं नव्हतं, पण दोघांनी पाळलं होतं.

इमारतीखाली उभं राहून तिने फोन केला आणि वर येऊ का विचारलं. तो आधी खिडकीशी येऊन खाली डोकावला. मग म्हणाला, "ये की. दुसरा मजला."

दार सानिकाने उघडलं. आईला बघून तिचे डोळे मोठे झाले आणि ती आत वळून ओरडली, "बाबा, आई एशे गॅछे, आलीय खरंच!" मग तिने आईचा हात धरला आणि तिला घर दाखवायला सुरुवात केली, जसं काही ते घर तिनेच बांधलं होतं.

घर लहान होतं आणि नीटनेटकं होतं. दाराची घंटा वाजली की हॉलमध्ये आणि आतल्या खोलीत एक दिवा लुकलुकायचा. सानिका झोपताना यंत्र काढते, तेव्हा तिला काहीच ऐकू येत नाही, म्हणून तो बसवला होता. तिच्या पलंगाशेजारी यंत्र सुकवायचा छोटा डबा होता, जसा डमडमला होता तसाच. कोलकात्याच्या दमट हवेत तो नसला तर यंत्र टिकत नाही. श्वेताला वाटायचं की मुलगी शुक्रवारी दप्तरातून डबा नेते म्हणजे तिथे दुसरा नसणार. सानिकाने सांगितलं, "तो बाबा धुऊन वाळवून परत देतो. त्यातल्या ओल शोषायच्या गोळ्या पण बाबाच बदलतो. माझा इथला वेगळा आहे."

अजिंक्य स्वयंपाकघरात चहा टाकत होता. केस कानशिलावर पांढरे झालेले श्वेताने पहिल्यांदाच नीट पाहिले. सानिका संत्री सोलत बसली तेव्हा तो म्हणाला की तिचं आजचं राहिलंय, तेवढं उरकून घेतो. त्याने एक जुनं मासिक तोंडापुढे धरलं, म्हणजे मुलीला ओठ दिसू नयेत, आणि एकेक आवाज काढला. आ. ऊ. ई. श. स. म. सानिका त्याच्यामागून कंटाळलेल्या आवाजात तेच म्हणत गेली. यंत्र सगळे आवाज नीट पकडतं आहे की नाही ते रोज असंच तपासायचं असतं. डमडमला हे श्वेता करायची, रोज सकाळी, शाळेच्या घाईत. शनिवार-रविवारी ते होत नसणार असं तिने गृहीत धरलं होतं आणि सोमवारी ती जास्त काळजीपूर्वक तपासायची.

'स' ला सानिका अडखळली. तिने 'श' म्हटलं. अजिंक्यने पुन्हा विचारलं, पुन्हा तेच. तो म्हणाला, "गेल्या आठवड्यापासून होतंय. तुला सांगणारच होतो. मॅपिंगची तारीख घ्यायला हवी." यंत्राचे आवाज डॉक्टरांकडे जाऊन अधूनमधून जुळवून घ्यावे लागतात, त्याला मॅपिंग म्हणतात.

"सोमवारी मलाही वाटलं होतं," श्वेता म्हणाली. "मला वाटलं सर्दीमुळे."

त्या एका अक्षराबद्दल दोघं बराच वेळ बोलत राहिले. असं बोलणं जगात दुसऱ्या कुणाशीच करता येत नाही, हे तिच्या लक्षात आलं. आईवडिलांना सांगितलं तर ते घाबरतात. मैत्रिणींना सांगितलं तर त्या सांत्वन करतात. 'स' आणि 'श' मधला फरक ऐकून लगेच कपाळाला आठी पडणारा माणूस एकच होता, आणि तो समोर चहा गाळत होता.

सानिका शेजारच्या मैत्रिणीकडे खेळायला गेली तेव्हा श्वेताने विचारलं.

"तू पुण्याला जाणार आहेस का?"

अजिंक्यने कप खाली ठेवला. "कोणी सांगितलं?"

"कुणी का सांगेना. जाणार आहेस?"

"नाही. उन्हाळ्यात विचारलं होतं त्यांनी. मी नाही म्हटलं."

"मला बोलला नाहीस."

"तुला सांगितलं असतं तर तुझ्यावर उपकार केल्यासारखं झालं असतं," तो म्हणाला. "तसं नव्हतं ते. सानिकाला फोनवरचं नीट कळत नाही अजून. समोर माणूस लागतो, चेहरा लागतो. पुण्याहून मी रोज फोन केला असता तरी तिला तिचा बाप अर्धाच ऐकू आला असता."

श्वेताला तो उन्हाळा आठवला. उन्हाळ्यात, म्हणजे सानिकाच्या शाळेला सुट्टी लागली तेव्हा, ती त्याच्यावर एका फालतू गोष्टीवरून चिडली होती आणि दोन आठवडे त्याच्याशी मेसेजवरसुद्धा धड बोलली नव्हती. त्याच दिवसांत तो हे ठरवत बसला होता, एकटा.

"आईबाबा काय म्हणाले?" तिने विचारलं. सांगलीच्या सासूसासऱ्यांना ती अजून तेच म्हणायची.

"आई रडली. बाबा म्हणाले, बरोबर केलंस. मग आईही म्हणाली."

"मग नाव का काढतोयस? मी एवढं बोलले म्हणून?"

अजिंक्य जरा हसला. म्हणाला की आधी रागच आला होता. तिने मेसेज करून विचारलं तेव्हाच कॉम्प्युटर उघडला तो भांडायला मुद्दे काढावे म्हणूनच. मग नियम काय आहे ते पहिल्यांदा शब्दन् शब्द वाचलं. इतकी वर्षं तो जुन्या सवयीने भरत आला होता, वाचलं कधीच नव्हतं. त्यात विचारलं होतं, मूल मुख्यतः तुमच्यावर अवलंबून आहे का.

"मी बघ, पैसे देतो. दोन दिवस सांभाळतो. पण तिला ताप आला की मी पहिला फोन तुला करतो, डॉक्टरला नंतर. ती माझ्याकडे असते तेव्हासुद्धा मी तुझ्यावरच अवलंबून असतो. मग तिचं काय सांगायचं? ते वाचल्यावर खोटं लिहवेना." तो थोडा थांबला. "तू हे सगळं करतेस, ते मला दिसतं, श्वेता. सांगितलं नाही कधी. सांगायला हवं होतं."

श्वेता उठली. ती खिडकीशी गेली. खाली मैदानात पोरांचं क्रिकेट रंगात आलं होतं आणि कडेला दोन म्हातारे मफलर गुंडाळून उन्हाला बसले होते. चार वर्षं ज्या शब्दांची आपण वाट पाहत होतो ते एवढेसे होते, आणि ते या माणसाच्या तोंडून यायला हवे होते, दुसऱ्या कुणाच्या नाही, हे तिला आत्ता कळलं.

"मी तुझ्याशी भांडायला आले होते," ती पाठमोरीच म्हणाली. मग आठवण झाल्यासारखी वळून त्याच्याकडे तोंड करून बोलली. "निदान विचारायला तरी. आभार मानायला नव्हते आले. पण मानते. पुण्याचे, आणि त्या सकाळच्या कुकरचेसुद्धा. तेव्हा मी शाळेत असायचे, मला फक्त तिचे नवे शब्द कळायचे. ते कुठून येतात ते मी कधी विचारलं नाही."

अजिंक्य चहाचे कप उचलून विसळायला लागला. पाठ फिरवून उभा राहिला आणि नळ उगाच बराच वेळ सुरू ठेवला.

निघताना तिने सांगितलं की रिटर्न सुधारून भरायचंय तर बाबांकडे ये. ऑनलाइन करताना एखादा आकडा चुकला तर पुन्हा पंचाईत. उद्या सानिकाला सोडायला येशीलच, तेव्हा वर ये. अजिंक्यने विचारलं, त्यांना चालेल का? श्वेता म्हणाली, ते माझ्यावर सोड.

खरं तर तिला खात्री नव्हती. घरी जाऊन तिने बाजारात गेले होते ही थाप आधी कबूल केली आणि मग सगळं सांगितलं. शशिकांत ऐकत राहिले. पुण्याचं ऐकल्यावर त्यांनी पुष्पाबाईंकडे पाहिलं. पुष्पाबाईंनी नजर चुकवली आणि म्हणाल्या की नोलेन गूड आणलाय, तर उद्या त्याच्या गुळपोळ्या करते. कोलकात्यातल्या त्यांच्या घराची ती जुनी रीत होती. थंडीत खजुराचा तो ताजा गूळ आला की संक्रांतीची वाट न पाहता गुळपोळ्या व्हायच्या. त्या अजिंक्यला आवडायच्या, पण हे कुणी बोललं नाही.

रविवारी संध्याकाळी सानिका नेहमीसारखी एकटी जिना चढून आली नाही. ती बापाचा हात ओढत आली. दारात अजिंक्य थबकला. चपला कुठे काढायच्या हे आठवत असूनही तो इकडेतिकडे बघत राहिला. लग्न झाल्यापासून शशिकांत त्याला 'अजिंक्यराव, या' म्हणायचे, 'तुम्ही' म्हणायचे. आता तो जावई नव्हता. शशिकांत दारात आले, क्षणभर गोंधळले आणि मग म्हणाले, "ये अजिंक्य, आत ये. थंडी फार आहे."

'राव' गेला होता. पण त्या 'ये' मध्ये अजिंक्यला काय मिळालं ते श्वेताने त्याच्या चेहऱ्यावर पाहिलं. सांगलीला त्याचे वडील त्याला असंच बोलावत असतील.

"बाबा, तुम्हाला त्रास देतोय," तो म्हणाला. बाबा हा शब्द त्याच्या तोंडून सहज गेला आणि कुणी त्याला अडवलं नाही.

दोघं कॉम्प्युटरपुढे बसले. शशिकांतांनी त्याचं जुनं रिटर्न उघडलं आणि ओळीमागून ओळ तपासत गेले. सानिकाच्या नावाची ती वजावट काढली. कर वाढला, त्यावर थोडं व्याज बसलं. मग शशिकांत एका ठिकाणी थांबले. "शाळेची फी तू भरतोस ना? ती कुठे दिसत नाही."

अजिंक्य म्हणाला की ती दाखवता येते हे त्याला ठाऊक नव्हतं. शशिकांतांच्या आतला हिशेबनीस जागा झाला. त्यांनी त्याला चांगलं फैलावर घेतलं, इतक्या वर्षांचं नुकसान केलंस म्हणाले, आणि फीच्या पावत्या मोबाइलवर शोधायला लावल्या. ती रक्कम त्यांनी स्वतः टाकली आणि उरलेला कर तिथल्या तिथे भरला. मुलीच्या शिक्षणाचा खर्च बापाच्या रिटर्नमध्ये, मुलीच्या कानाची सूट आईच्या. कायद्याला दोन्ही मान्य होतं. भरून झाल्यावर ते म्हणाले, "पुढच्या वर्षी तुझंही माझ्याकडे आण. दोघांचं एकाच माणसाने बघितलं म्हणजे असे घोळ होत नाहीत."

अजिंक्यने मान हलवली. 

सानिका इतका वेळ आजोबांच्या खुर्चीमागे उभी राहून स्क्रीनवर आपलं नाव शोधत होती. माझं नाव का काढलं, असं तिने विचारलं. मोठ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. श्वेता तिच्यापुढे बसली, मुलीला आपले ओठ दिसतील अशी, आणि म्हणाली की नाव दोनदा झालं होतं. आईने पण लिहिलं होतं आणि बाबाने पण. सरकार म्हणालं, एकदा पुरे.

सानिकाने जरा विचार केला. "दोघांनी लिहिलं?" तिने विचारलं. तिला त्यात चूक काही दिसली नाही. उलट तिला ते आवडलं. तिने आजीला स्वयंपाकघरात जाऊन सांगितलं की माझं नाव दोन ठिकाणी होतं, आणि पुष्पाबाई तव्यावरची पोळी उलटता उलटता पदराने डोळे पुसू लागल्या.

अजिंक्य जेवायला थांबला. पुष्पाबाईंनी वाढताना त्याला 'तुम्ही' च म्हटलं, त्यांना ते बदलता आलं नाही, आणि तिसरी गुळपोळी न विचारता वाढली. वर तुपाची धार धरली. तो पुरे म्हणाला तरी हात आवरला नाही. सरलाबाईंच्या भाच्याचं नाव त्यांनी काढलं नाही. एवढंच म्हणाल्या की सांगलीला आईंना नमस्कार सांगा, त्यांचं मन मोठं आहे.

श्वेता त्याला सोडायला फाटकापर्यंत गेली. उल्टाडांग्याची शेवटची ऑटो अजून जायची होती. मॅपिंगची तारीख जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात मिळत होती, सकाळची, तिने सांगितलं. आजवर ती एकटीच जायची आणि त्याला नंतर कळवायची. या वेळी तिने विचारलं, "येशील? दोघं असलो तर बरं. ते भराभर सांगतात, मला एकटीला सगळं लक्षात ठेवता येत नाही."

"येतो," अजिंक्य म्हणाला. "रजा टाकतो."

ऑटो आली, तो बसला, आणि श्वेता परत जिना चढू लागली. वरून सानिकाचा आवाज येत होता. ती आजोबांना काहीतरी समजावत होती, मोठ्याने, आपल्या मिश्र भाषेत, आणि आजोबा समजूनही न समजल्यासारखं करत होते. श्वेता मधल्या मजल्यावर थांबली. ही मुलगी जन्मली तेव्हा पहिल्या तपासण्यांनंतर डॉक्टर म्हणाले होते की कदाचित ती कधीच बोलणार नाही. कठड्याला टेकून तिने तो आवाज थोडा वेळ ऐकला. मनातल्या मनात तिने यंत्र बसवणाऱ्या डॉक्टरांचे आभार मानले, मग आईवडिलांचे, आणि एव्हाना उल्टाडांग्याच्या वाटेला लागलेल्या त्या माणसाचे. मग ती वर गेली आणि उद्याचं दप्तर भरायला घेतलं.